लहान उपग्रह आणि भूदर्शनाचा अधिकार

आपण ज्या भूमीवर राहतों ती उंचावरून कशी दिसते हें जाणण्याची इच्छा मनुष्यमात्रास आहे. पण तें जाणण्याचें साधन फार काळ राजसत्तेच्याच हातीं राहिलें. बालेकिल्ल्यावरून मुलूख न्याहाळणारा किल्लेदार आणि त्याच मुलुखांत नांगर धरणारा कुणबी या दोघांच्या डोळ्यांसमोर शेत एकच असे; परंतु एकाच्या पाहण्यास सत्तेचें बळ होतें आणि दुसऱ्याच्या पाहण्यास तें नव्हतें. पुढें इंग्रजी अमलांत हें पाहणें शास्त्राच्या पायरीवर चढलें. विल्यम लॅम्टन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ त्रिकोणमितीच्या मोठ्या मोजणीस आरंभ केला. त्याच्या थिओडोलाइट यंत्राचें वजन सुमारें अर्धा टन होतें. तें यंत्र डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवावें लागे. १८०८ सालीं तंजावरच्या देवळावर चढवितांना तें आपटून मोडलें, आणि लॅम्टननें तें स्वतः दुरुस्त करून पुन्हा कामास लाविलें. १८२३ सालीं मोजणीच्या प्रवासांतच, आजच्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें, त्याचा अंत झाला. एवढ्या कष्टानें जी भूमि कागदावर उतरली ती मात्र सरकारी दप्तराची मालमत्ता झाली. स्वराज्य आल्यावरही सरहद्दीचे व किनाऱ्याचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकास पुष्कळ वर्षें सुलभ नव्हते.

कृत्रिम उपग्रहांच्या द्वारें पृथ्वी पाहण्याचा जो इतिहास गेल्या साठ-पासष्ट वर्षांत घडला, त्याचा आरंभही असाच झाला. पुढें त्यास निराळें वळण लागलें, आणि तें वळण लहान व स्वस्त उपग्रहांनीं लाविलें असें सामान्यतः समजतात. ही समजूत कितपत खरी आहे, आणि तें वळण ओलांडल्यावर अजून कोणती वाट चालावयाची उरली आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें ८३.६ किलोग्रॅम वजनाचा स्पुट्निक आकाशांत सोडला. त्याला डोळा नव्हता. तो केवळ बिनतारी संदेशाची टिकटिक ऐकवीत पृथ्वीभोंवतीं फिरला. परंतु त्यानंतर तीन वर्षांच्या आंत अमेरिकेनें पृथ्वीवर दोन डोळे लाविले. त्यांतील एक उघडा होता. १ एप्रिल १९६० रोजीं सुटलेला टायरॉस हा उपग्रह ढगांचीं चित्रें पाठवी, आणि तीं जगास दाखविण्यांत येत. दुसरा डोळा झांकलेला होता. कोरोना नांवाच्या गुप्त योजनेंतील उपग्रह परमुलुखाचीं छायाचित्रें फिल्मवर टिपीत. ती फिल्म कुपींत घालून खालीं सोडण्यांत येई, आणि हवाई छत्रीच्या आधारानें उतरणारी ती कुपी विमानें अधांतरींच झेलीत. ऑगस्ट १९६० मध्यें हा प्रयोग प्रथम साधला व १९७२ पर्यंत हें काम चाललें. आठ लाखांहून अधिक छायाचित्रें जमा झालीं. परंतु १९९५ सालीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें तीं खुलीं झालीं तोंपर्यंत, ज्यांच्या गांवांचीं तीं होतीं त्यांस त्यांची वार्ताही नव्हती.

याच गुप्त योजनेच्या आश्रयानें पहिला हौशी लहान उपग्रह आकाशांत जावा, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे. १२ डिसेंबर १९६१ रोजीं कोरोना मालिकेंतील एका उपग्रहास घेऊन अग्निबाण निघाला. तोल सांभाळण्यासाठीं अशा अग्निबाणांत निर्जीव वजनें घालीत. त्यांपैकीं एका वजनाच्या जागीं, कॅलिफोर्नियांतील बिनतारी संदेशांच्या हौशी अभ्यासकांनीं तयार केलेली साडेचार किलोग्रॅमची ऑस्कर नांवाची पेटी बसविण्यांत आली. ती पेटी सुमारें तीन आठवडे आकाशांतून दोन अक्षरी नमस्कार पाठवीत राहिली, आणि २८ देशांतील ५७० हून अधिक हौशी मंडळींनीं तो ऐकल्याचें कळविलें. या पेटीसही डोळा नव्हता. पण मोठ्या उपग्रहाच्या सोबतीस मोकळी जागा असते, व तेथें सामान्य माणसांनीं केलेली वस्तु टिकूं शकते, ही गोष्ट त्या दिवशीं सिद्ध झाली.

जमिनीकडे उघडपणें व नेमानें पाहण्याचें काम २३ जुलै १९७२ पासून सुरू झालें. त्या दिवशीं सुटलेल्या उपग्रहास पुढें लँडसॅट हें नांव मिळालें. त्याच्या एका चित्रांत सुमारें १८५ किलोमीटर रुंदीचा प्रदेश येई; सुमारें ८० मीटरांहून लहान वस्तु त्यांत निराळी ओळखतां येत नसे; आणि एकाच जागेवर तो १८ दिवसांनीं परत येई. त्याचें विशेष सामर्थ्य प्रकाशाचे भाग निरनिराळे पाहण्यांत होतें. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि मनुष्याच्या डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. पान रोगट किंवा तहानलेलें झालें म्हणजे हें प्रमाण बदलतें. यामुळें पिकाची प्रकृति आकाशांतून अजमावतां येते. आपल्याकडे प्राध्यापक पिशारोटी यांनीं १९७० च्या सुमारास केरळांतील नारळाच्या रोगट बागा हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपून हेंच तत्त्व पडताळून पाहिलें होतें. त्यानंतर १९७५ सालीं आर्यभट व १९७९ सालीं भास्कर हे भारतीय उपग्रह रशियन अग्निबाणांवरून गेले. भास्करावर पृथ्वी पाहणारा कॅमेरा होता. १७ मार्च १९८८ रोजीं ९७५ किलोग्रॅमचा आयआरएस-१ए गेला, आणि भारतास स्वतःचा नित्याचा डोळा मिळाला.

तथापि १९८० नंतरच्या दशकांत सामान्य अभ्यासकाची स्थिति काय होती? अमेरिकेनें १९८४ सालीं कायदा करून लँडसॅटच्या चित्रांची विक्री खासगी कंपनीकडे सोंपविली, आणि पुढें एका चित्राची किंमत ४,४०० डॉलरपर्यंत चढली. एखाद्या गरीब देशांतील विद्यापीठास वर्षभराचा ग्रंथखर्च एका चित्रावर घालवावा लागावा, अशी ही किंमत होती. १९८६ सालीं फ्रान्सचा स्पॉट उपग्रह गेला; त्याचीं चित्रें अधिक बारीक होतीं, पण तींही विकाऊच होतीं. त्याच वर्षीं ३ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें दूरसंवेदनाचीं तत्त्वें मान्य केलीं. ज्या देशाची भूमि पाहिली गेली असेल त्या देशास ती माहिती भेदभावाशिवाय व वाजवी खर्चांत मिळावी, असें त्यांत म्हटलें होतें. वाजवी म्हणजे किती, हें मात्र त्यांत कोठेंही सांगितलेलें नव्हतें. उपग्रह म्हटला कीं तो एक टन वजनाचा, शेंकडों तज्ज्ञांचा व कोट्यवधि रुपयांचा असावयाचा, ही समजूत त्या वेळीं सर्वत्र रूढ होती.

या समजुतीस पहिला जोराचा धक्का इंग्लंडांतील एका विद्यापीठानें दिला. गिल्डफर्ड येथील सरे विद्यापीठांत मार्टिन स्वीटिंग नांवाचा एक तरुण संशोधक होता. त्याला बिनतारी संदेशांची लहानपणापासून हौस होती. अवकाशासाठीं खास घडविलेले महागडे सुटे भाग न घेतां, बाजारांत मिळणारे सामान्य विद्युत्-भाग नीट पारखून वापरले तर उपग्रह होईल काय, असा प्रश्न त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं हातीं घेतला. ६ ऑक्टोबर १९८१ रोजीं सुमारें ५२ किलोग्रॅमचा यूओसॅट-१ हा त्यांचा उपग्रह एका अमेरिकन वैज्ञानिक उपग्रहाच्या सोबतीनें आकाशांत गेला. आकाशांत असतांनाच ज्यास नव्या सूचना शिकवितां येतील असा संगणक त्यावर होता, आणि २५६ उभ्या व २५६ आडव्या ठिपक्यांचें चित्र टिपणारा लहानसा विद्युत्-कॅमेराही होता. या चित्रांनीं कोणाच्या पिकाची मोजणी होण्यासारखी नव्हती. परंतु विद्यापीठाच्या कार्यशाळेंत घडलेल्या डोळ्यास पृथ्वी दिसूं शकते, एवढें त्यांनीं दाखविलें.

या धाडसाची किंमतही लवकरच मोजावी लागली. १९८२ सालीं सूचनांतील एका चुकीमुळें उपग्रहावरील दोन्ही प्रेषक एकाच वेळीं चालू झाले, आणि त्यांच्या गलबल्यांत पृथ्वीवरून गेलेली आज्ञा त्यास ऐकूं येईना. कित्येक महिने तो असा बहिरा होऊन फिरत राहिला. अखेरीस सप्टेंबरमध्यें कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथील ४६ मीटर व्यासाच्या प्रचंड अँटेनानें त्याला हांक मारली, तेव्हां कोठें ती त्याच्या कानीं पडली. पुढें तो १९८९ पर्यंत काम करीत राहिला. दुसरा उपग्रह, यूओसॅट-२, अवघ्या सहा महिन्यांत तयार झाला. कारण सोबतीची जागा अकस्मात् मिळाली होती व ती सोडणें शक्य नव्हतें. १ मार्च १९८४ रोजीं ज्या अग्निबाणावरून तो गेला, त्याच अग्निबाणावरून सुमारें दोन टनांचा लँडसॅट-५ गेला. साठ किलोग्रॅमच्या या पाहुण्यानें त्या महाकाय यजमानाबरोबर एकाच गाडीनें प्रवास केला.

लहान उपग्रह स्वस्त कां पडतो, हें येथें थोडें स्पष्ट केलें पाहिजे. पहिलें कारण असें कीं, घड्याळें, खेळणीं व घरगुती यंत्रें यांसाठीं लाखों नग निघणारे विद्युत्-भाग दर दोन-चार वर्षांनीं लहान, स्वस्त व अधिक समर्थ होत गेले. मोठ्या उपग्रहाची सिद्धता दहा-दहा वर्षें चाले, त्यामुळें तो आकाशांत जाईपर्यंत त्याच्यांतील भाग जुने झालेले असत. लहान उपग्रह वर्ष-दीड वर्षांत तयार होई व नव्या भागांचा लाभ घेई. दुसरें कारण सोबतीच्या जागेचें. १९९० सालीं एरियान अग्निबाणावर लहान उपग्रहांसाठीं खास कडें बसविण्यांत आलें, आणि हा आश्रित प्रवास नियमित झाला. तिसरें कारण मनोवृत्तीचें आहे. जो उपग्रह एकुलता एक असतो तो बिघडूं नये म्हणून अपरंपार खर्च करावा लागतो; जो अनेकांपैकीं एक असतो तो बिघडला तर दुसरा पाठवितां येतो. यूओसॅट-४ हा आकाशांत गेल्यावर सुमारें तीस तासांत मुका झाला, तरी सरेची कार्यशाळा बंद पडली नाहीं.

पण स्वस्ताईची मर्यादाही सांगितली पाहिजे. भिंग जितकें लहान तितका त्याच्या दृष्टीचा बारीकपणा कमी, हा प्रकाशशास्त्राचा नियम कोणत्याही कारागिरीनें मोडतां येत नाहीं. शिवाय लहान यंत्राचे रंग एकसारखे राहत नाहींत; ते मोठ्या उपग्रहाच्या चित्रांशीं वारंवार ताडून पाहावे लागतात. तेव्हां लहान उपग्रह हा मोठ्याची जागा घेतो असें नव्हे. मोठा जेथें क्वचित् पाहतो तेथें तो वारंवार पाहतो.

सरे येथील मंडळींनीं १९८५ सालीं शंभर पौंड भांडवलावर व चार माणसांवर एक कंपनी काढली. तिच्या इतिहासांत आम्हांस सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते ती ही कीं, तिनें उपग्रहाबरोबर तो करण्याची विद्याही विकली. उपग्रह मागणाऱ्या देशानें आपले तरुण अभियंते गिल्डफर्डला पाठवावे, त्यांनीं इंग्रज सोबत्यांच्या खांद्यास खांदा लावून उपग्रह जुळवावा, आणि घरीं जाऊन पुढचा स्वतः करावा, अशी ही पद्धति होती. दक्षिण कोरियाचे विद्यार्थी असे गेले. त्यांचा किटसॅट-१ ऑगस्ट १९९२ मध्यें सुटला, आणि पुढच्याच वर्षीं किटसॅट-२ त्यांनीं स्वदेशांत तयार केला. त्या मंडळींतूनच पुढें कोरियांत एक उपग्रहकंपनी निघाली, आणि २००९ सालीं मलेशियाचा व दुबईचा असे दोन भूनिरीक्षक उपग्रह तिच्या सहाय्यानें गेले. काल जो शिष्य होता तो आज गुरु झाला. पोर्तुगाल, थायलंड, चीन व मलेशिया यांनींही सरेच्या कार्यशाळेचा उंबरठा ओलांडला.

या विद्येचें खरें फळ २००२ व २००३ या सालांत दिसून आलें. अल्जीरिया, नायजेरिया, तुर्कस्तान व ब्रिटन या चार देशांनीं प्रत्येकीं एक लहान उपग्रह करावा, ते एकाच कक्षेंत अंतराअंतरानें फिरावे, आणि संकट येईल तेव्हां सर्वांचे डोळे एकत्र करावे, असा संकेत ठरला. अल्जीरियाचा आल्सॅट-१ हा २८ नोव्हेंबर २००२ रोजीं गेला; उरलेले तिघे २७ सप्टेंबर २००३ रोजीं रशियांतील प्लेसेत्स्क येथून एकाच अग्निबाणानें गेले. प्रत्येकाचें वजन शंभर किलोग्रॅमच्या आसपास होतें. त्यांपैकीं बहुतेकांचा मुख्य कॅमेरा ३२ मीटरांपर्यंतचा तपशील दाखवी, आणि लँडसॅटचेच तीन निवडक रंग वापरी. पण त्याच्या एका पट्ट्याची रुंदी सहाशें किलोमीटर होती, म्हणजे लँडसॅटच्या तिप्पट. चार उपग्रहांनीं मिळून पाळी धरल्यावर पृथ्वीवरील कोणतीही जागा जवळजवळ रोज पाहतां येऊं लागली. पुराचें पाणी सोळा दिवस थांबत नाहीं. त्याला पाहावयाचें तर रोजच पाहिलें पाहिजे. लँडसॅटचा उत्तम डोळा जें चुकवीत होता तें या साध्या डोळ्यांनीं पकडलें.

नायजेरियासारख्या देशानें पोटास अन्न नसतां आकाशांत पैसा कां उधळावा, असा आक्षेप त्या वेळीं पुष्कळांनीं घेतला. भुकेल्याच्या घरीं दुर्बीण कशाला, हा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो. पण त्याचें उत्तर दोन वर्षांतच मिळालें. ऑगस्ट २००५ मध्यें कॅट्रिना वादळानें अमेरिकेचा दक्षिण किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हां नायजेरियाच्या उपग्रहानें टिपलेलीं चित्रें अमेरिकेच्या मदतीस गेलीं. जो देश मदतीची याचना करणाराच समजला जाई, तो त्या दिवशीं मदत देणारांच्या पंगतींत बसला. या प्रसंगाचें मोल आम्ही पैशांत करूं इच्छीत नाहीं. परंतु पुढें १७ ऑगस्ट २०११ रोजीं जो नायजेरियासॅट-एक्स गेला, तो नायजेरियन अभियंत्यांनीं सरे येथें स्वतःच्या हातानें जुळविला होता, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

इकडे अमेरिकेंतील दोन प्राध्यापक, स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी पुइग-सुआरी, यांनीं १९९९ सालीं याहून लहान माप ठरविलें होतें. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा घन, आणि वजन सुमारें एक किलोग्रॅम. विद्यार्थ्यांचें शिक्षण त्याच्या शालेय आयुष्यांतच पुरें व्हावें, हा यांत मूळ हेतु होता. माप एकच ठरल्यामुळें हे घन एका ठराविक पेटींतून कोणत्याही अग्निबाणावरून सोडतां येऊं लागले. विटेचें माप ठरलें म्हणजे गवंड्याचें काम जसें सोपें होतें, तसेंच हें झालें. ३० जून २००३ रोजीं प्लेसेत्स्क येथून अशा घनांची पहिली तुकडी गेली. असे तीन घन एकावर एक ठेवून जो आकार होतो, त्यांत कॅमेरा बसवून सबंध पृथ्वी रोज टिपावी, असा बेत अमेरिकेंतील प्लॅनेट लॅब्ज या कंपनीनें केला. सुमारें पांच किलोग्रॅमच्या या उपग्रहांस त्यांनीं डव्ह, म्हणजे कपोत, हें नांव दिलें. फेब्रुवारी २०१४ पासून आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरून अठ्ठावीस कपोतांचा पहिला थवा सोडण्यांत आला. त्याच वर्षीं २८ ऑक्टोबरला उड्डाणाच्या वेळींच अग्निबाणाचा स्फोट होऊन सव्वीस कपोत एका क्षणांत जळून गेले. मोठ्या उपग्रहाचा असा नाश झाला असता तर एखादी योजना दहा वर्षें मागें पडली असती. येथें नवे कपोत तयार करून काम पुढें चालू राहिलें. १५ फेब्रुवारी २०१७ रोजीं श्रीहरिकोट्याहून भारताच्या एका अग्निबाणानें १०४ उपग्रह सोडले, त्यांत ८८ कपोत होते. त्या वर्षापासून पृथ्वीची जवळजवळ सर्व कोरडी भूमि तीन ते पांच मीटरांच्या तपशिलानें रोज टिपली जाऊं लागली.

या इतिहासाचे तीन कालखंड एकाच अग्निबाणावर एकत्र आलेले पाहावयाचे असतील, तर २२ जून २०१६ च्या उड्डाणाकडे पाहावें. त्या दिवशीं श्रीहरिकोट्याहून वीस उपग्रह गेले. त्यांतील मुख्य कार्टोसॅट-२सी हा भारत सरकारचा, सातशें किलोग्रॅमहून अधिक वजनाचा. त्याच्या सोबतीस प्लॅनेट कंपनीचे बारा कपोत. आणि त्यांच्याच शेजारीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं कित्येक वर्षें खपून केलेला स्वयम् हा एक किलोग्रॅमचा घन. राज्य, व्यापार आणि विद्या असे तिघे त्या गाडींत बसले होते. स्वयम् याला कॅमेरा नव्हता. हौशी मंडळींचे बिनतारी निरोप एका ठिकाणाहून दुसरीकडे पोंचविणें हें त्याचें काम होतें. म्हणून भूदर्शनाच्या इतिहासांत त्याची नोंद मोठी होणार नाहीं. त्यापूर्वीं २०१० सालीं कर्नाटक व आंध्रांतील विद्यार्थ्यांनीं मिळून सोडलेल्या स्टडसॅटवर मात्र कॅमेरा होता. पण आकाशांत जाणारी वस्तु आपल्याही हातून घडते, हा अनुभव पुण्याच्या त्या मुलांस मिळाला. सरे येथें चाळीस वर्षांपूर्वीं जें बीज पडलें तें याच अनुभवाचें होतें.

येथवरचा वृत्तांत वाचून कोणास वाटेल कीं, उपग्रह स्वस्त होत गेले आणि त्यामुळें पृथ्वीचें दर्शन सर्वांस सुलभ झालें. आमच्या मतें हें अर्धेंच सत्य आहे. दर्शनाचा दरवाजा ज्या दोन प्रसंगीं खरोखर उघडला, त्यांचा उपग्रहाच्या वजनाशीं कांहीं संबंध नव्हता. ब्राझीलनें चीनच्या भागीदारींत केलेल्या उपग्रहाचीं चित्रें २००४ सालीं आपल्या नागरिकांस विनामूल्य दिलीं. तो उपग्रह लहान नव्हता, सुमारें दीड टनाचा होता. अमेझॉनच्या अरण्यांत कोठें कुऱ्हाड चालली आहे हें कोणत्याही नागरिकास स्वतः पाहतां यावें, ही त्यांतील दृष्टि. त्यानंतर २००८ सालीं अमेरिकेनें लँडसॅटचें सर्व भांडार खुलें केलें. त्यापूर्वीं एका चित्रास सहाशें डॉलर पडत, आणि सर्वांत चांगल्या वर्षींही सुमारें पंचवीस हजार चित्रें विकलीं जात; किंमत शून्यावर येतांच वर्षभरांत दहा लाखांहून अधिक चित्रें लोकांनीं उतरून घेतलीं. उपग्रह तेच होते, चित्रें तींच होतीं; बदलला तो एक नियम. युरोपनें २०१५ मध्यें सोडलेल्या सेंटिनेल-२ याचीं दहा मीटरांचीं चित्रें आरंभापासूनच खुलीं ठेविलीं.

उलट, प्लॅनेटचे कपोत कितीही स्वस्त असले तरी त्यांचीं चित्रें कंपनीच्या मालकीचीं आहेत, आणि तीं पैसे देणारासच मिळतात. २०२० सालीं नॉर्वे सरकारनें स्वतः किंमत मोजून उष्ण कटिबंधांतील अरण्यप्रदेशाचीं त्यांचीं चित्रें जगास विनामूल्य देण्याची व्यवस्था केली. तेव्हां ज्या देशांस तीं घेण्याची ऐपत नव्हती त्यांच्या वनरक्षकांसही तीं पाहतां आलीं. ती योजना २०२५ च्या आरंभीं संपली. आकाशांत कपोत फिरत होते तसेच राहिले. खालचा दाता मात्र थांबला. यांत कंपनीस दोष देण्याचें कारण नाहीं. जिनें भांडवल घातलें ती मोबदला मागणारच. पण ज्या दर्शनाचा आधार एका दात्याची इच्छा एवढाच असतो, त्यास अधिकार म्हणतां येत नाहीं.

हा प्रश्न दूरच्या अरण्यांचा नव्हे. आमच्या शेतकऱ्याच्या दाराशीं तो येऊन ठेपला आहे. महाराष्ट्रांत पीक बुडालें कीं तरलें हें ठरविण्याची जुनी पद्धति आणेवारीची. पुढें तीस पैसेवारी म्हणूं लागले. आधीं नजर पैसेवारी, मग हंगामी, मग अंतिम, आणि ती पन्नास पैशांच्या आंत आली म्हणजे दुष्काळ. या पद्धतींत तंटे पुष्कळ होत. पण निदान शेत पाहणारा माणूस शेतकऱ्याच्या समोर उभा असे, आणि त्याच्याशीं भांडतां येई. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळसंहितेनें निकष बदलले. पाऊस, पेरणी, जमिनींतील ओल व जलाशयांची स्थिति यांच्या जोडीस उपग्रहांनीं मोजलेला हिरवेपणाचा अंक आला. या नव्या निकषांनुसार ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. निकष शास्त्रीय झाले, ही गोष्ट चांगलीच आहे. तलाठ्याच्या मर्जीपेक्षां प्रकाशाचें मोजमाप अधिक निःपक्षपाती असतें. परंतु ज्याचा तालुका यादींतून वगळला गेला त्यानें कोणत्या चित्राकडे बोट दाखवावें? तण हिरवें असलें तरी अंक वाढतो, आणि दाणा न भरलेली ज्वारीही दुरून हिरवीच दिसते. हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. पण तें अंकाच्या भाषेंत मांडण्याचें साधन त्याच्या हातीं नसतें. किल्लेदार आणि कुणबी यांच्यांतील जुनें अंतर येथें नव्या रूपानें उभें राहतें.

कोणी म्हणतील, सर्वांस सर्व दिसूं लागलें तर राज्याच्या सुरक्षिततेचें काय? ही भीति निराधार नाहीं. पण पिकाचा हिरवेपणा पाहण्यास जो तपशील पुरतो तो तोफखाना मोजण्यास पुरत नाहीं. आमच्या सरकारनेंही हें ओळखलें आहे. २०२१ सालीं नकाशांवरील निर्बंध पुष्कळ सैल करण्यांत आले, आणि २०२३ च्या अवकाशधोरणांत पांच मीटर व त्याहून स्थूल तपशिलाचीं चित्रें सर्वांस विनामूल्य व खुलीं मिळावीं, असें नमूद केलें आहे. म्हणजे किंमतीची भिंत जवळजवळ पडली आहे, आणि नियमाची भिंत पडूं लागली आहे. तिसरी भिंत उरली आहे ती वाचतां न येण्याची.

ही तिसरी भिंत उपग्रहांची संख्या वाढवून पडणार नाहीं. सरेच्या इतिहासानें जो धडा दिला तो येथें उपयोगीं पडण्यासारखा आहे. कोरिया, अल्जीरिया किंवा नायजेरिया यांनीं केवळ उपग्रह विकत घेतला असता, तर तो चार-पांच वर्षांत निकामी झाल्यावर त्यांच्या हातीं कांहींच उरलें नसतें. त्यांनीं माणसें शिकविलीं म्हणून विद्या उरली. आमच्याकडे लातूर, परभणी, यवतमाळ, सोलापूर येथील महाविद्यालयांत भूगोल व कृषि शिकणारीं हजारों मुलें आहेत. खुलीं चित्रें उतरून घेणें, आपल्या तालुक्याचा हिरवेपणाचा अंक स्वतः काढणें, आणि प्रत्यक्ष शेतांत जाऊन तो ताडून पाहणें, एवढें काम त्यांस मराठींतून शिकविलें, तर प्रत्येक तालुक्यांत चित्र वाचणारीं दहा-वीस माणसें पांच वर्षांत तयार होतील. त्यास अग्निबाण लागत नाहीं. एक साधा संगणक आणि शिकविणारा लागतो. आणि सरकारकडे एकच मागणी करावयाची: ज्या निर्णयास उपग्रहाच्या चित्राचा आधार घेतला असेल, तें चित्र व त्यावरील हिशेब निर्णयाबरोबरच तहसील कचेरीच्या फलकावर लावावा. जमाबंदीचा आंकडा पाहण्याचा हक्क जसा रयतेस आहे, तसाच हाही असावा. मग ज्याचें शेत पाहिलें गेलें तोही तें चित्र पाहील, आणि तें चुकीचें असेल तर तसें म्हणूं शकेल.